गाडी नसलेल्या बाईचा विमा

बालाघाट
११ नोव्हेंबर २०२४

अंजू,

तू माझा नंबर बंद करून ठेवलास, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. खुशीच्या फोनवरून लावून पाहिला, तोही लागला नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. आमगावला मामाकडे शिकत होतो तेव्हा परीक्षेत लिहायचो, त्यानंतर मी कोणालाही पत्र लिहिलेलं नाही. तुझ्या सासरी मराठी कोणी धड वाचत नाही, तेवढी एक सोय आहे.

जवाईंच्या पायाचं मायकडून कळतं. रॉड बसवला, टाके निघाले, वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. याच्या पुढचं काही विचारलं की माय पदर सावरते आणि भाताची चौकशी करते.

ऑगस्टमधल्या त्या दुपारचं तुला माहीत आहे, तरी एकदा माझ्या हातानं लिहिते. पोलिसांनी लिहिलं ते हिंदीत आहे आणि त्यात मी फक्त ‘वाहन चालिका’ आहे. शाळेची पोरं सोडून रिकामी मॅजिक व्हॅन घेऊन मी लालबर्रा रोडच्या राईस मिलवर गेले होते. गाडीच्या मालकानं, घनश्यामसेठनं, फोन करून त्याच्या घरचे तांदळाचे कट्टे आणायला सांगितले होते. परत येताना उभ्या ट्रकच्या पुढून एक मोटरसायकल आडवी निघाली. मी ब्रेक दाबला. तो पुरला नाही. खाली उतरून पाहिलं तेव्हा कळलं की जवाई आहेत, तुझा माणूस. माझी चूक किती, त्यांची किती, ते मोजणारे मोजतील. त्यांच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, हे मात्र मी कुठंही सांगेन. कोणीतरी तसं बोलतं आहे असं ऐकलं, म्हणून लिहिलं.

दवाखान्याच्या जिन्यात तू मला विचारलंस, "ताई, गाडीचा इन्शुरन्स संपलाय, हे तुले माहीत होतं ना?" मी नाही म्हटलं. तू वर निघून गेलीस. तेव्हापासून आपण बोललो नाही.

मला खरंच माहीत नव्हतं. खुशीचे बाबा गेल्यापासून मी दुसऱ्यांच्याच गाड्या चालवल्या. कागद एका पिशवीत डॅशबोर्डच्या कप्प्यात असायचे. पोलिसांनी मागितले की मी पिशवी पुढं करायची. ते उघडायचे, बंद करायचे, द्यायचे. मी कधी उघडली नाही.

लायसन निलंबित होतं. मुदत सरली म्हणून आज आरटीओत गेले. खिडकीवरचे साहेब भले होते. म्हणाले, "मैडम, ट्रेनिंग कर लो, फिर ट्रैक पर टेस्ट होगा. गाड़ी आपको लानी है, और बीमा चालू होना चाहिए. बिना बीमे की गाड़ी गेट के अंदर नहीं आएगी."

मी म्हटलं, "सर, मेरे पास गाड़ी नहीं है."

"तो किसी की ले आओ," ते म्हणाले आणि मागच्या माणसाचा कागद घेतला.

जवाईंना माझा नमस्कार सांगायचा असेल तर सांग.

ताई


बालाघाट
२ डिसेंबर २०२४

अंजू,

पत्र मिळालं असेल असं धरून लिहिते.

ट्रेनिंग झालं. आम्ही सगळे सस्पेंड झालेले ड्रायव्हर एका खोलीत बसलो होतो. बाईमाणूस मी एकटी. भिंतीवर पिक्चर दाखवला, त्यात अपघात झाल्यावर माणसं चांगलं वागतात. सर्टिफिकेट मिळालं. आता गाडी.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये विचारलं. त्यांच्याकडे विमा असलेली अल्टो आहे, टेस्टला देतात. नाव सांगितलं तसा तो माणूस म्हणाला, "सेठजीवाला केस ना? बाई, हमको इसी शहर में रहना है." दुसरीकडे म्हणाले, गाडी दुरुस्तीला गेली आहे. ती दारातच उभी होती.

मग मी वेगळाच विचार केला. काली पुतली चौकाच्या पुढं पवन नावाचा पोरगा विम्याचं काम करतो. गोंदियाकडचा आहे, आपल्यासारखंच बोलतो. त्याला म्हटलं, "मले माह्या नावाचा विमा काढून दे."

"जीवन बीमा?"

"नाही. थर्ड पार्टी."

"गाडी कोणती हाय?"

"गाडी नाही."

त्यानं पेन खाली ठेवलं. "काकू, मंग विमा कायचा काढू?"

मी सांगितलं, "गाडी मालकाची रायते. चालवतो आम्ही. मालकानं विमा काढला का नाही, आमाले कोण सांगते? माह्या हातानं कोणाले लागलं, तर त्याले पैसे भेटले पाह्यजे. गाडी कोणाचीबी असो. असा विमा काढ, माह्या हाताचा."

पोरगा हसला नाही, हे त्याचं चांगलं. कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "तुमाले लागलं तर तुमचा निघते. तुमच्याच्यानं दुसऱ्याले लागलं, तर तो विमा गाडीचा रायते, माणसाचा नाही. इकडं तसं नाही निघत, काकू." मग त्यानं मला मोबाइलमध्ये गाडीचा नंबर टाकून विमा कधीपर्यंत आहे ते पाहायला शिकवलं. फुकट. घरी येईपर्यंत मी रस्त्यावर उभ्या असलेल्या बऱ्याच गाड्या पाहिल्या. काहींचे मालक तुझ्याही ओळखीचे आहेत.

बाकी ठीक. एका मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ पोळ्या करते. खुशीला वाटतं की मी थोडे दिवस आराम म्हणून हे करते आहे. तिला तसंच वाटू दे.

ताई


बालाघाट
२६ डिसेंबर २०२४

अंजू,

थंडी पडली आहे. तुमच्याकडे जास्त असेल. जवाईंचा पाय थंडीत ठणकत असेल, तिळाचं तेल कोमट करून चोळ.

घनश्यामसेठकडे गेले होते. शहरात मला गाडी देऊ शकेल असा एकच माणूस उरला होता, म्हणून. त्यानं नवीन मॅजिक घेतली आहे. मी आत जायच्या आधी फाटकाशी तिचा नंबर मोबाइलमध्ये टाकला. विमा पुढच्या नोव्हेंबरपर्यंत आहे. जुन्या गाड्यांचेही आता चालू आहेत.

सेठनं खुर्ची दिली, चहा मागवला. "सीताबाई, तुम घर की हो. टेस्ट के लिए गाड़ी चाहिए? ले जाओ. लायसेंस आ जाए, उसी दिन से नौकरी पर आ जाना. बच्चे तुमको पूछते हैं."

मी म्हटलं, बरं होईल.

मग म्हणाला, एक छोटासा कागद आहे. स्टॅम्पपेपर तयारच होता. त्यावर लिहिलं होतं की त्या दिवशी मी सेठला न विचारता, माझ्या खाजगी कामासाठी गाडी नेली होती. आणि मोटरसायकलवाला प्यालेला दिसत होता.

मी दोनदा वाचलं. आता मी कागद वाचते. म्हटलं, "सेठजी, चावल आपके घर का था."

"अरे, तो कौन मना कर रहा है," सेठ म्हणाला. "पर कागज़ में किसका था, बात वो है."

"और ये पीने वाली बात?"

"उससे तुम्हारा ही फायदा है. तुम भी तो बच जाओगी."

मी चहा पिऊन उठले. पेन टेबलावर होतं तिथंच राहिलं. सेठ रागावला नाही. म्हणाला, "सोच लो, जल्दी नहीं है." दारापर्यंत आला.

तुला हे लिहायचं नव्हतं. तुला वाटेल की उपकार दाखवते आहे. उपकार वगैरे काही नाही. सही केली असती तर आत्ता स्टिअरिंगवर असते, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही ती या हिशेबानं. मी विचार केला नाही असं नाही.

ताई


बालाघाट
१३ जानेवारी २०२५

अंजू,

काल मायकडे गेले होते. ती वाल सोलत होती. मी विचारलं, "अंजूनं दावा टाकला का?" ती उठून आत गेली. मी मागं गेले. शेवटी चुलीपाशी बसून बोलली.

"नाही टाकला. वकील म्हणते, ड्रायव्हरचं नाव घालाच लागते. अंजू म्हणे, ताईवर केस नाही करत."

"मंग माह्याशी बोलत काहून नाही?"

"आता ते मले काय विचारतं. राग हाय तिले. राग येगळा, केस येगळी."

मग मायनं बाकीचं सांगितलं. सेठ तुमच्या गावी, हट्ट्याला, येऊन गेला. फळं घेऊन आला, जवाईंच्या खाटेपाशी बसला, आणि तुझ्या सासऱ्यांना म्हणाला की केस टाकली तर तुमच्या सुनेची बहीण जेलमध्ये जाईल, तिची पोरगी उघडी पडेल, घरातलं घरात मिटवा. आणि तू ते ऐकून गप्प राहिलीस. पाच महिने तू माझ्याशी बोलली नाहीस आणि पाच महिने मला वाचवत होतीस. सांगितलं असतंस तर एका मिनिटाचं काम होतं.

मी आज कोर्टासमोर एका वकीलबाईंना विचारून आले. नीट वाच. पोलिसांची केस वेगळी, ती माझ्यावर ऑगस्टपासूनच आहे, तू काही केलंस किंवा नाही केलंस तरी चालणारच. जामीन झाला आहे. नुकसानभरपाईचा दावा वेगळा. त्यात कोणी कोणाला जेलमध्ये घालत नाही. त्यात फक्त पैसे कोणी द्यायचे ते ठरतं. विमा असता तर कंपनीनं दिले असते. नाही, म्हणून मालक आणि ड्रायव्हरवर येतात. मालकाकडे गाड्या आहेत, घर आहे, प्लॉट आहे. माझ्याकडून काय नेतील? कुकर आणि खुशीची सायकल.

दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे असं बाई म्हणाल्या. म्हणजे फेब्रुवारी लागताच टाकायला हवा. उगीच मायला विचारत बसू नको, तिला दोन्हीकडची काळजी.

सोबत मी एक कागद लिहून पाठवते आहे. त्या दिवशी कोणाच्या फोनवरून, कोणाच्या कामाला, कोणाची गाडी घेऊन गेले होते, ते सगळं आहे. जवाई शुद्धीत होते आणि प्यालेले नव्हते हेही आहे. ब्रेक उशिरा लागला हेही आहे. खाली सही आहे. तुमच्या वकिलाला दे. माझं नाव पहिलं घाल. चालवत मी होते, तर पहिलं माझंच येतं.

तू माझ्यावर केस केलीस तर मला राग येणार नाही. नाही केलीस तर येईल.

ताई


बालाघाट
३० जानेवारी २०२५

अंजू,

गाडी मिळाली. आम्रपाली मॅडम म्हणून एक शिक्षिका आहेत. त्यांचा पोरगा माझ्या मॅजिकमध्ये जायचा. मेसमधून डबा न्यायला आल्या, मला पोळपाटापाशी पाहिलं आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"सीताताई? तुम्ही इथं काहून?"

मी सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण पोळ्या संपेपर्यंत सांगत राहिले. मागं गिऱ्हाईक खोळंबलं.

त्यांच्याकडे वॅगन आर आहे. मिस्टरांची बदली भोपाळला झाली, तेव्हापासून पोर्चमध्ये झाकून ठेवलेली. मॅडमना चालवायची भीती वाटते. एकदा शिकायला घेतली तर नालीत गेली होती. त्यांची शाळा हट्ट्याच्या पलीकडे, बसनं जातात, रोज उशीर होतो.

मी म्हटलं, "मॅडम, नंबर सांगा." त्यांनी सांगितला. मी मोबाइलमध्ये पाहिलं. विमा चालू होता.

"माझ्यावर केस आहे, माहीत आहे ना?" मी विचारलं.

"पूर्ण शहराले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "माह्या पोराले तुम्ही तीन वर्षं शाळेत नेलं आणि घरी आणलं. ते मले माहीत हाय. गाडी घ्या. लायसन आलं का मले शाळेत सोडत जा, पगार देईन. आणि मले शिकवा."

मी हो म्हटलं. डबा बांधून दिला.

दाव्याचं काय केलंस ते कळलं नाही. मायला विचारलं तर म्हणते, मले काही नाही मालूम.

ताई


बालाघाट
१४ मार्च २०२५

अंजू,

टेस्ट फेब्रुवारीतच झाली. मॅडमचे मिस्टर सुट्टीवर आले होते, त्यांनी गाडी आरटीओत आणून दिली. गेटवर विमा पाहिला, मग आत सोडलं. ट्रॅकवर सगळी कॉलेजची पोरं, त्यांत मी. नातेवाईक असेन असं वाटून एकानं मला बाजूला बाकावर बसायला सांगितलं.

पहिल्यांदा गाडीत बसले तेव्हा पाय ब्रेकवरून हलेना. इन्स्पेक्टर खिडकीशी वाकून म्हणाले, "चलाइए, मैडम." मला समोर ट्रक दिसत होता. ट्रक नव्हता, पाण्याची टाकी होती. मागची पोरं हॉर्न द्यायला लागली. मग गिअर टाकला. आठाचा आकडा काढला, रिव्हर्स घेतली, चढावर थांबवून परत उचलली. हे हातांनीच केलं, मी फक्त आत बसले होते. लायसन पोस्टानं आलं. फोटोत मी मायसारखी दिसते.

काल दुसरी गोष्ट आली. कोर्टाचा माणूस घरी आला, सही घेतली आणि नोटीस दिली. आवेदक, म्हणजे दावा टाकणारे, खेमराज, आपले जवाई. ज्यांच्यावर दावा ते अनावेदक. अनावेदक क्रमांक एक, सीता. अनावेदक क्रमांक दोन, घनश्याम. माझा पत्ता अगदी बरोबर होता, गल्लीत वळताना लागणाऱ्या पिठाच्या गिरणीसकट. असा पत्ता फक्त तू सांगतेस.

खुशी घाबरली. "मम्मी, मौसी ने केस कर दिया?"

मी म्हटलं, "हौ. केलं शेवटी." मग आम्ही जेवलो. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

ताई


बालाघाट
२३ एप्रिल २०२५

अंजू,

काल एवढा वेळ एका गाडीत होतो आणि बोललो नाही. मागं बसलेल्या माणसाशी चालवताना बोलता येत नाही असं नाही. पण मला भीती वाटली की बोलले तर गाडी बाजूला घ्यावी लागेल. म्हणून लिहिते.

कोर्टात तुम्ही दोघं आधीच येऊन बसला होतात. जवाई काठीवर आले, हे मी पाहिलं. वॉकर गेला. सेठ आपल्या वकिलाबरोबर समोरच्या बाकावर होता. नाव पुकारल्यावर आपण सगळे उठलो तेव्हा मी तुझ्या बाजूला उभी राहणार होते. मग आठवलं की माझी जागा सेठच्या बाजूला आहे. जाऊन उभी राहिले. साहेबांनी विचारलं, जवाब कधी देणार. सेठच्या वकिलानं पुढची तारीख मागितली. मी म्हटलं, माझा जवाब आणला आहे. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि कागद घेतला. सेठनं माझ्याकडे पाहिलं नाही. पुढं काय होईल ते माहीत नाही. वकीलबाई म्हणतात, वेळ लागेल, पण त्याच्या घराकडे आणि गाड्यांकडे आता कोर्टाचं लक्ष राहील.

बाहेर आले तर तुम्ही दोघं उन्हात ऑटो पाहत उभे. ऑटोवाले हट्ट्याचं नाव ऐकून मान हलवत होते. मी गाडी जवळ आणली. मला मॅडमना आणायला तिकडंच जायचं होतं, हे खरं आहे, मुद्दाम नाही.

जवाई म्हणाले, "ताई, तुम्ही?"

म्हटलं, "मी हट्ट्याकडंच चालली. बसा."

तुमचा वकील धावत आला. "अरे, सामने वाली पार्टी की गाड़ी में बैठेंगे क्या?"

तू त्याच्याकडे पाहिलंस, गाडीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. दवाखान्यातल्या त्या जिन्यानंतर पहिल्यांदा तू मला काही म्हणालीस. म्हणालीस, "इन्शुरन्स हाय का हिचा?"

मी कागद काढून दिला. तू उन्हात उभी राहून पूर्ण वाचलास. नाव, नंबर, तारीख, मागचं पानसुद्धा. वकील थांबला, जवाई काठीवर थांबले. मग तू घडी घालून परत दिलास आणि जवाईंना हात धरून पुढच्या सीटवर बसवलंस. तू मागं बसलीस.

रस्त्यात जवाई दोनदा म्हणाले, हळू चालवता तुम्ही. मी हो म्हटलं. राईस मिल आपल्या रस्त्यावर लागत नाही, ते बरं झालं. पण कधीतरी तिकडून जावं लागेल. मी तिथून एकटी जाऊन आले आहे. काही होत नाही. ट्रक अजून तिथंच उभे राहतात.

तुझ्या दारात तू उतरलीस आणि आत गेलीस. मला वाटलं, झालं. गाडी वळवत होते तर तू परत आलीस, हातात पाण्याचा तांब्या. खिडकीतून दिलास. मी प्यायले. तू म्हणालीस, "वाळून गेलीस." मी म्हटलं, "मेसमधी माह्यावाल्या पोळ्या मलेच आवडत नाही." तू हसली नाहीस, पण तोंड फिरवलंस, ते मी आरशात पाहिलं.

पुढची तारीख जूनमध्ये आहे. बस शोधू नका. सकाळी मी मॅडमना शाळेत सोडून रिकामी परत येते, तुमच्या दारावरूनच. जवाईंना पाय लांब करता येईल अशी पुढची सीट मागं सरकवून ठेवीन. तुमच्या वकिलाला आधी सांगू नकोस, उगीच घाबरतो.

आणि माझा नंबर चालू कर. इतकं लिहायची मला सवय नाही, हात दुखतो.

तुझी ताई
अनावेदक क्र. १